वाघ, हत्ती आणि खापरपणजोबा

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'वंशावळीचे अभ्यासक' म्हटलं. ते प्रेमापोटी, असं समजा. मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत स्टोअर्स विभागात चौतीस वर्षं काढली. माझा अभ्यास काय तो आवक-जावक वह्यांचा. स्टोअर्सच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: नग हरवला तर गोदामात शोधत बसायचं नाही, आधी वही उघडायची. एका वहीतून तो नग बाहेर पडलेला असतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी वहीत चढलेला असतो. आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे तो असाच एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेला नग आहे.

आमची मुलगी डब्लिनला नोकरीला गेली आणि तिथलाच मुलगा तिनं पसंत केला. जावई किल्डेअर परगण्यातल्या नेस गावचा. स्पेलिंग पाहून तुम्ही 'नास' म्हणाल, मीही म्हणत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो इथं आला, तेव्हा पाडव्याच्या दिवशी त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. पेटलेला हातबॉम्ब, आणि त्याच्या गोळ्यावर दोन प्राणी. एक वाघ, एक हत्ती. खाली लिहिलेलं: रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स. आयर्लंडात वाघ नाही, हत्ती नाही, तिथं साधा सापसुद्धा नाही. मग हे दोघे डब्लिनच्या पलटणीच्या टोपीवर कसे जाऊन बसले?

बिल्ला त्याच्या आजोबांच्या खोलीत, बिस्किटाच्या डब्यात सापडला होता. सोबत घरात चालत आलेली एक गोष्ट होती. आमचा पूर्वज 'ओल्ड टफ्स' या टोपणनावाच्या पलटणीत होता आणि किरकीच्या लढाईत त्यानं एका हिंदू राजाला हरवलं. जावयानं मला विचारलं, "बाबा, हे किरकी कुठं आलं?" मी त्याला गॅलरीत नेलं आणि म्हटलं, "हे काय, तू उभा आहेस तेच."

हसू नका, किरकी म्हणजे आपली खडकीच, पण पुढची गोष्ट तितकी सोपी नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई पुण्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. बापू गोखले, पर्वतीवरून बघणारे बाजीराव, संगमावरची जळालेली रेसिडेन्सी. एल्फिन्स्टननं ज्या गोऱ्या पलटणीची वाट पाहिली ती बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, ती लढाईच्या जेमतेम आठवडाभर आधी पुण्यात पोचली होती. तिच्या निशाणावर पुढं 'किरकी' हा शब्द चढला. हीच पलटण नावं बदलत बदलत १८६२ मध्ये राणीच्या सैन्यातली १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन. पहिली बटालियन मद्रासची होती. वाघ-हत्ती आले ते या पलटणींच्या हिंदुस्थानातल्या लढायांतून, प्लासी-बक्सरचा वाघ आणि कर्नाटक-म्हैसूरचा हत्ती. आमच्या मुंबईच्या पलटणीनं इतर लढायांबरोबर खडकीही आणली. तिचं घरचं ठाणं कुठं ठरलं? नेसला. तेव्हा नेसच्या पोरांना 'किरकी' शब्द पाठ असणं यात नवल काही नाही.

पण आता स्टोअर्सवाल्यासारखा हिशेब करू. जावई १९८२ चा. वडील १९४५ चे, आजोबा १९०५ चे. तिथून दोन पिढ्या मागं गेलं तरी खापरपणजोबा १८१७ मध्ये बंदूक धरून उभे राहू शकत नाहीत. शिवाय हा बिल्ला १८८१ च्या आधी असूच शकत नाही, कारण त्या नावाची पलटणच नव्हती. म्हणजे लढाई खरी, बिल्ला खरा, पूर्वजही खरा, आणि तिन्हींचा एकमेकांशी घातलेला मेळ खोटा. पलटणीत दर वर्षी लढायांची नावं म्हटली जातात. म्हणता म्हणता ती शिपायाच्या घरात शिरतात आणि दोन पिढ्यांनी पलटणीची आठवण घराची आठवण होऊन बसते. मी जावयाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला. मला मात्र, खरं सांगतो, बरं वाटलं. पेशव्याला हरवणाऱ्याच्या खापरपणतूला मी पाडव्याचा आहेर केला असता तर कोथरूडच्या आमच्या काकांनी मला पुढची दहा वर्षं ऐकवलं असतं.

मग हा माणूस होता तरी कोण? जावयाचं आडनाव मी सांगणार नाही, तशी त्याची अटच आहे. इतकंच सांगतो की आयर्लंडात ते आपल्याकडच्या 'जाधव'इतकं पसरलेलं आहे. नुसतं नाव घेऊन शोधायला बसाल तर दिवसाला चाळीस माणसं सापडतील आणि त्यातला एकही तुमचा नसेल.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं, गाव आणि आडनाव सांगितलं की भटजी बाड काढतात आणि पणजोबांच्या हातची सही दाखवतात. आयर्लंडात तसं बाड नाही. तिथं १८२१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत होती आणि त्यातली पहिली सलग हाती लागते ती १९०१ ची. ऐंशी वर्षांचे कागद गेले. विचारलं की प्रत्येक जण सांगतो, 'बावीस साली जळले.' अर्धं खरं आहे. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य न्यायालयाच्या आवारात, मोठा स्फोट झाला. शेजारीच सरकारी दप्तरखाना होता. सातशे वर्षांचे कागद जळाले, त्यांची अर्धवट जळकी पानं वाऱ्यावर उडत हाउथच्या टेकडीपर्यंत गेली. १८२१ ते १८५१ च्या चार खानेसुमाऱ्या, काही तुकडे वगळता, त्यात संपल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या? त्या सरकारनंच, आकडे काढून झाल्यावर, नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई होती म्हणून लगद्याला गेल्या. बंडखोरांच्या नावावर खपवलेलं निम्मं पाप कारकुनांचं आहे. मी स्वतः सरकारी स्टोअर्सचा माणूस, 'निरुपयोगी दप्तर रद्दीत काढावे' असे शेरे मीही मारलेले आहेत. आता त्या शेऱ्यांची झोप लागत नाही.

उरल्या १९०१ आणि १९११. दोन्ही इंटरनेटवर, पूर्ण, आणि फुकट. पुणेकराला याहून काय हवं?

नेसमध्ये ३१ मार्च १९०१ च्या रात्री एका घरात नवरा-बायको दोघंच. नवरा: लष्करी पेन्शनर, जन्म टिपरेरी परगणा, लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी फुली. बायको: वय ५८, लिहिता-वाचता येतं. आणि 'जन्म कुठं' या रकान्यात, नेसच्या एका गल्लीतल्या घरात, एकच शब्द: 'इंडिया'. मी तो कागद जावयाला पडद्यावर दाखवला. घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं की खापरपणजी हिंदुस्थानात जन्मलेली होती. तिचं माहेर किल्डेअरचंच, असं सगळे धरून चालले होते. ते धागेदोरे मी तेव्हा बाजूला ठेवले, आधी नवऱ्याच्या मागं लागलो. त्यात माझी चूक झाली का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

१९११ ला नवरा गेलेला आहे. बायको मुलाकडे राहते. त्या मुलाचा, म्हणजे जावयाच्या पणजोबांचा, जन्मही 'इंडिया'. १९०१ ला ते घरी सापडले नाहीत कारण तेव्हा ते डब्लिन फ्युझिलियर्समधून दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर होते. बिल्ला त्यांचा. आणि म्हाताऱ्या आईचं वय? ७१! दहा वर्षांत बाई तेरा वर्षांनी म्हातारी झाली. मला वाटलं, माणूसच दुसरं. पण त्या साली अख्ख्या आयर्लंडात असंच झालंय. कारण मधे वृद्धांची पेन्शन आली. १९०८ चा कायदा, १ जानेवारी १९०९ पासून अंमल, सत्तरी गाठलेल्याला आठवड्याला ५ शिलिंग. आणि आयर्लंडात सक्तीची जन्मनोंद सुरू झाली १८६४ ला. म्हणजे १९०९ मध्ये सत्तरीच्या एकाही माणसाकडे जन्माचा सरकारी दाखला नाही! मग वय सिद्ध कसं करणार? तर म्हातारे सांगत, 'मला मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते.' ६ जानेवारी १८३९ च्या रात्री तिथं भयंकर वादळ झालं होतं. ते ज्याला आठवतं तो सत्तरीचा, हा हिशेब. आपल्याकडे 'पानशेतच्या पुरात मी पाळण्यात होतो' म्हणतात, तसंच. आता पाच शिलिंगांसाठी किती जणांना तो वारा नव्यानं आठवला असेल, त्याचा तुम्हीच अंदाज करा.

या पेन्शनीकडे मी परत येणार आहे, कारण तिनंच मला सगळ्यात मोठा हात दिला.

आता लष्करी कागद. लंडनमध्ये क्यू इथं ब्रिटनचं राष्ट्रीय दप्तर आहे. तिथं डब्ल्यू.ओ. ९७ या क्रमांकाखाली पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायांचे सुटकेचे कागद ठेवलेत, १७६० पासून १९१३ पर्यंतचे. ते आता घरबसल्या पाहता येतात, पण याला मात्र पैसे पडतात. आमच्या आडनावाचे, त्याच पाळण्यातल्या नावाचे, त्याच पलटणीतले तीन जण निघाले. तिघांतला आपला कोणता हे ठरलं ते एका रकान्यावरून: 'सुटकेनंतर कुठं राहणार?' एकानं लिहिवलं होतं, नेस. म्हणून सांगतो, कागद वाचताना वरचं नाव आधी वाचू नका. खालून वर वाचत जा.

या कागदाबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. साधारण चार पानं असतात. जन्म 'अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, फलाण्या परगण्यात', हे छापील वाक्य (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला टापू) आणि मधल्या जागा हातानं भरलेल्या. आमच्या माणसाचं जवळचं शहर नीना. धंदा: मजूर. उंची ५ फूट साडेपाच इंच. रंग लालसर, डोळे करडे, केस तपकिरी. डाव्या दंडावर व्रण. किती वेळा शिक्षेच्या वहीत नाव चढलं: अकरा वेळा. कोर्ट मार्शल: एकदा. चांगल्या वर्तणुकीची पट्टी मिळाली, दारूपायी गेली, परत मिळाली, परत गेली. किती वर्षं हिंदुस्थानात, तेही दिवसांसकट.

पाहा हं. टिपरेरीतला एक निरक्षर मजूर. त्याच्या बापाचे डोळे कोणत्या रंगाचे होते हे जगात कुणालाही कधी कळणार नाही. त्याच्या आईची उंची कुणी मोजली नाही. जे घरी राहिले, ज्यांनी त्याच मातीत बटाटे लावले आणि तिथंच मेले, त्यांचा कागद एक तर झालाच नाही किंवा जळाला किंवा लगद्याला गेला. आणि जो घर सोडून परक्या राणीच्या पगारावर गेला त्याच्या दंडावरचा व्रणसुद्धा लिहून ठेवलाय. साम्राज्याला या माणसाविषयी माया होती अशातला भाग नाही. तो पळाला तर पकडायला वर्णन हवं, आणि पेन्शन भलत्यानं उचलू नये म्हणून खुणा हव्यात. स्टोअर्सच्या प्रत्येक नगावर नंबर मारतात तो याच कारणासाठी. पण त्यामुळे होतं काय की आयर्लंडातल्या गरिबाच्या घराण्याचा शोध घ्यायचा तर शिपाई झालेल्या पोराला धरून घ्यावा लागतो. आणि असे पोरगे थोडेथोडके नव्हते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले ४२ टक्के शिपाई आयरिश होते, आणि लोकसंख्येत आयर्लंडचा वाटा होता एक तृतीयांश.

आमच्या माणसानं भरतीच्या वेळी वय सांगितलं १८. साल १८५३. आणि भरती राणीच्या सैन्यात नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या. कंपनी आयर्लंडात भरती करायची, पोरांना इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या वॉर्ली इथल्या डेपोत आणायची, कवायत शिकवायची आणि आफ्रिकेच्या केपला वळसा घालून मुंबईला धाडायची. सुएझचा कालवा अजून सोळा वर्षं दूर होता. गलबतावर तीन-चार महिने. कंपनीची ही दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेपोच्या वह्या, जहाजांवर चढलेल्यांच्या याद्या, मुंबईच्या फौजेची वार्षिक हजेरीपटं. डेपोच्या वहीत जावक, मुंबईच्या पटावर आवक. मुलीकडे गेलो असताना तिनं मला लंडनला नेलं, तिथं मी वाचनकक्षात बसून ते पट पाहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसला गेल्यासारखे दिसताय." खरंच होतं ते.

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि तिची फौज राणीकडे गेली. गोऱ्या शिपायांना कुणी विचारलंच नाही. ते बिथरले. आम्ही कंपनीला शपथ दिली होती, आम्ही काय गुरं आहोत का एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला बांधायला? १८५९ मध्ये छावण्याछावण्यांतून कामबंद झालं. याला इतिहासात 'गोऱ्यांचं बंड' म्हणतात. सत्तावनच्या बंडाची आपल्याला पाठ्यपुस्तकं आहेत, या बंडाची ओळसुद्धा नाही. सरकारनं शेवटी मुभा दिली, ज्याला सुटायचं त्यानं सुटावं. दहा हजारांच्या आसपास शिपाई सुटून घरी गेले. आमचा माणूस राहिला. का राहिला? हजेरीपट कारण लिहीत नाही. मला आपलं वाटतं की जाणार कुठं होता तो?

कारण तोवर घर असं उरलं होतं का, हा प्रश्नच होता. आणि इथं पेन्शन परत येते.

१९०९ नंतर जेव्हा लाखो म्हाताऱ्यांना वयाचा पुरावा हवा झाला, तेव्हा एक तोड निघाली. १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमाऱ्या तेव्हा अजून दप्तरखान्यात शाबूत होत्या. अर्जदारानं आईबापाचं नाव आणि त्या वेळी राहत होते ती वाडी लिहून द्यायची, कारकून ती पानं काढून बघणार आणि उतारा देणार. पुढं १९२२ ला मूळ खानेसुमारी गेली, पण या अर्जांचे फॉर्म वाचले. आगीत घर जळावं आणि शेजाऱ्याकडे उसनी दिलेली पातेली तेवढी राहावीत, तसं. हे फॉर्म आता डब्लिनच्या राष्ट्रीय दप्तराच्या संकेतस्थळावर आहेत.

आयर्लंडात वाडीला 'टाउनलँड' म्हणतात आणि अशा साठ हजारांहून अधिक आहेत. काही तर चार-पाच शेतांएवढ्याच. वाडी कळल्याशिवाय तिथं कुठलाही शोध पुढं जात नाही. आपल्याला शिपायाच्या कागदावरून पॅरिश मिळाली होती, वाडी नव्हती. मी त्या पॅरिशमधले त्या आडनावाचे पेन्शनचे फॉर्म एकेक करून पाहायला लागलो. महिना गेला. बायको म्हणाली, "आपल्या घरचा पणजोबा शोधायला एवढा वेळ दिला असतात तर?" तिला मी उत्तर दिलं नाही, कारण तिचं बरोबर होतं.

एका म्हातारीचा अर्ज १९११ चा. बाप अमुक, आई तमुक, वाडी अशी अशी. कारकुनानं खाली उतारा लिहिलाय: १८५१, घर सापडलं. बाप, आई, मुलगी ९ वर्षं. आणि तिच्या वर एक मुलगा, १३. नाव तेच. हा आमचा शिपाई, दोन वर्षांनी वॉर्लीच्या वहीत अठराचा होणारा. मग राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये इंटरनेटवर टाकलेली कॅथलिक चर्चची नोंदवही उघडली. नाव लॅटिनमध्ये मोडून लिहिलेलं, अक्षर कोंबडीच्या पायाचं. बाप्तिस्मा, जुलै १८३७. आईबाप तेच. भरतीच्या वेळी सोळा वर्षांचा पोरगा.

आता साल पाहा. बटाट्यावर रोग पडला १८४५ ला. तेव्हा हा आठ वर्षांचा. त्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८५१ च्या उताऱ्यात आईबाप आणि दोन मुलं आहेत. चर्चच्या वहीत त्याच आईबापांच्या पाच बाप्तिस्म्यांच्या नोंदी आहेत. उरलेली तिघं कुठं गेली ते लिहिलेलं नाही. पुढं बहीण वाडीतच राहिली. आपल्याला ती भेटली कारण तिला पाच शिलिंग हवे होते.

जावयाला हे सगळं मी फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या घरात कुणी हे का नाही सांगितलं?" त्याचं उत्तर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ३० जून १९२२ ला दप्तरखाना उडाला आणि बरोबर महिन्यानं, ३१ जुलैला, दक्षिण आयर्लंडच्या इतर पलटणींबरोबर डब्लिन फ्युझिलियर्स मोडीत काढली गेली. देश नवा झाला. त्या देशात इंग्रजाच्या पलटणीतला बाप ही अभिमानानं सांगायची गोष्ट राहिली नाही. मग बिल्ला बिस्किटाच्या डब्यात गेला. आपण पुण्यात बसून त्यांना हसायचं कारण नाही. आपल्याकडेही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांची पदकं सातारच्या कोनाड्यांत अशीच पडलेली आहेत.

आता खापरपणजी. तिला मी बाजूला ठेवलं होतं. शिपायाचा शोध घेणारे सगळेच हे करतात, कारण बाईच्या नावावर लष्कराचा कागद नसतो. पण मुंबई इलाख्यातल्या चर्चांतून बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला दर वर्षी लंडनला जात, आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. शिपायाचं लग्न १८६४ चं. नवरा: प्रायव्हेट, १०३ वी पलटण. नवरी: विधवा. वय २१! पहिला नवराही त्याच पलटणीतला, कॉलऱ्यानं गेलेला. छावणीत विधवेला फार दिवस विधवा राहता येत नसे, नवऱ्याबरोबर तिचा शिधा आणि बराकीतली जागाही जाई. लग्नाच्या नोंदीत तिच्या सहीच्या जागी खरी सही आहे, वळणदार. नवऱ्याची फुली.

१९११ च्या फॉर्ममध्ये बायकांना विचारलंय, मुलं झाली किती, हयात किती. तिनं लिहिलंय: नऊ, चार. पाच दफनांपैकी चार मला एन/३ मध्ये सापडली. त्यांच्याविषयी मी आज बोलणार नाही.

तिचा बाप्तिस्मा शोधायला मला आठ महिने लागले, कारण मी मुंबई, पुणे, कराची, अहमदनगर असं शोधत होतो. मोठ्या छावण्या. शेवटी सापडली ती जागा माझ्या डोक्यातही आली नव्हती. १८४३, दापोली.

हो, आपली दापोली. रत्नागिरी जिल्ह्यातली. आजही लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात ते उगीच नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणच्या फौजेचं ठाणं तिथं बसलं, हवा थंड म्हणून. पुढं लढाऊ पलटणी हलल्या आणि म्हाताऱ्या, जायबंदी शिपायांची तुकडी तिथं राहिली. त्यातल्याच एका सार्जंटची ही मुलगी. नेसच्या गल्लीत मेलेली बाई कोकणात, आंबा-फणसाच्या सावलीत जन्मली होती. मी घरात ओरडलोच, "अगं, जावई कोकणातला निघाला!" बायको दापोली तालुक्यातली, हर्णैकडची. ती शांतपणे म्हणाली, "तरीच मासे नीट खातो."

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं आहे. आईच्या रकान्यात एकच शब्द. 'मारिया.' पुढं आडनाव नाही, माहेर नाही. अशा नोंदी त्या वह्यांत पुष्कळ आहेत. गोऱ्या बाईचं नाव लिहिताना कारकून आडनाव सोडत नसे, हे मी शेकडो पानं पाहून सांगतो. याच्या पुढं मी काही म्हणणार नाही. जावयालाही एवढंच सांगितलं आणि त्यानं ते दोन मिनिटांत ओळखलं.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं दापोलीला गेलो. जुन्या इंग्रजी दफनभूमीत गेलो. ज्यांच्या थडग्यांवर नावं उरलीत ते बहुतेक साहेब. सार्जंट आणि मारिया तिथं सापडतील असं मला वाटलं नव्हतंच. जावई तरीही प्रत्येक दगडावरचं शेवाळ बोटानं खरवडून बघत होता, दोन तास. गडग्यापलीकडून एक म्हातारबुवा ते बघत उभे होते. कोकणातला माणूस, किती वेळ गप्प राहणार? त्यांनी विचारलं, "कोणाकडचे तुम्ही?"

मुलीनं शिकवलेलं मराठी जावयाला बऱ्यापैकी येतं. तो उठून उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला, "इथलाच."

म्हातारबुवांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. तांबूस केस, करडे डोळे, सहा फूट उंची. त्यांना काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. म्हणाले, "मग इतके दिवस कुठं होतात?"